नव्या स्टेडियममध्ये सीट पाहिजे तर आधी लायसन्स घ्या: फोर्टी नायनर्सच्या वेळचा आमचा अनुभव

आधी एक सांगतो, इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात धरून पळतात तो. आणि टीम म्हणजे सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नायनर्स. २०१२ मध्ये सांता क्लॅराला त्यांच्या नव्या स्टेडियमचं काम सुरू झालं आणि जुन्या कँडलस्टिक पार्कवर ज्यांची सीझन तिकिटं, म्हणजे वर्षभराच्या घरच्या सगळ्या मॅचची तिकिटं, होती त्या सगळ्यांपुढे एकच प्रश्न येऊन पडला, नव्या जागी सीट पाहिजे असेल तर आधी तिचं लायसन्स विकत घ्यायचं. तिकीट नव्हे, लायसन्स. तिकिटाचे पैसे वेगळे, ते दरवर्षी, आणि लायसन्सचे पैसे एकदाच पण सगळ्यात आधी. आम्ही ते घेतलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा कुणी मराठीत चार गोष्टी नीट सांगितल्या असत्या तर खूप बरं झालं असतं असं वाटतं म्हणून सविस्तर लिहितोय.

कँडलस्टिक ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कल्पना यायची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिण टोकाला, अगदी खाडीला लागून, १९६० चं स्टेडियम, मुळात बेसबॉलसाठी बांधलेलं. नायनर्स तिथे १९७१ पासून खेळायचे. वारा असा की ऑक्टोबरातल्या दुपारीसुद्धा जॅकेट लागायचं आणि संध्याकाळ झाली की कानटोपी. संडासापुढे रांगा, पार्किंगमधून बाहेर पडायला मॅचपेक्षा जास्त वेळ, सगळं खरं. पण १९८२ च्या जानेवारीत जो मॉन्टानाने फेकलेला बॉल ड्वाइट क्लार्कने हवेत झेपावून पकडला आणि डॅलसला हरवलं ते याच मैदानावर, आणि बे एरियातल्या एका पिढीसाठी एवढं पुरेसं होतं.

मी या खेळात आलो तो ऑफिसमधल्या एका नागपूरच्या मित्रामुळे. टीम तेव्हा सपाटून हरत होती, त्यामुळे सीझन तिकिटं मिळणं अवघड नव्हतं, आम्ही दोघांनी मिळून दोन सीट घेतल्या, वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात. कधी आम्ही दोघं जायचो, कधी मी आणि बायको, कधी तो आणि त्याची बायको. आमच्या बरोब्बर पुढच्या रांगेत डेली सिटीचे एक गृहस्थ असायचे, प्लंबिंगचं काम करायचे, सोबत त्यांचा मुलगा. त्यांच्या घरात त्या सीट त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून होत्या. नियम, पेनल्टी, कुठल्या डाउनला काय करायचं, हे सगळं मला त्या माणसाने शिकवलं, मागे वळून वळून. टेलगेटला, म्हणजे मॅचआधी पार्किंगमध्ये जे खाणंपिणं चालतं त्याला, आम्ही बटाटेवडे न्यायचो, फॉइलमध्ये बांधून, आणि थोडे वर न्यायचो त्यांच्यासाठी. वड्यापेक्षा त्यांना लसणाची चटणी आवडायची, ती ते हॉटडॉगवर घालून खायचे.

२०११ च्या डिसेंबरात पिट्सबर्ग स्टीलर्सबरोबरच्या मॅचला स्टेडियमचे दिवे गेले, एकदा नाही दोनदा, पूर्ण अंधार. टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिलं. लोक त्या अंधारात बसून होते, कुणी उठलं नाही, पुढच्या रांगेतला मुलगा वडिलांना कानाला लावायच्या रेडिओवरून काय चाललंय ते ऐकून सांगत होता आणि ते आम्हाला. नायनर्स जिंकले. त्यानंतर महिन्याभरात न्यू ऑर्लिन्सबरोबरची प्लेऑफची, म्हणजे हरलात तर बाहेर अशी, मॅच, शेवटच्या ९ सेकंदांत आमच्या व्हर्नन डेव्हिसचा टचडाउन, ३६-३२ जिंकलो. त्या दिवशी आम्ही सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडलोय, मी, माझा मित्र, प्लंबर काका, त्यांचा मुलगा. हे एवढं सगळं सांगतोय कारण नव्या स्टेडियमच्या किंमतीच्या तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नसतो आणि निर्णय घेताना डोक्यात मात्र हेच असतं.

तर त्याच काळात लायसन्सचं सुरू झालं. सांता क्लॅराच्या मतदारांनी २०१० च्या जूनमध्ये मेझर जे नावाचा ठराव पास केला होता, म्हणजे स्टेडियमला होकार. पण शहराने रहिवाशांवर नवीन कर लावायचा नाही हे त्यात ठरलेलं होतं. मग सव्वा अब्ज डॉलरच्या आसपासचं स्टेडियम बांधायचं कशातून? शहराची एक स्टेडियम अथॉरिटी झाली, तिने कर्ज उचललं, आणि त्यातला मोठा भाग सीट लायसन्सच्या विक्रीतून भागवायचं ठरलं. तिथे त्याचं अधिकृत नाव स्टेडियम बिल्डर्स लायसन्स, बाकी ठिकाणी पर्सनल सीट लायसन्स म्हणतात. बिल्डर्स म्हणजे आपण प्रेक्षक. आणि खरंच, स्टेडियम उघडायच्या आधी लायसन्समधून ५० कोटी डॉलरच्या वर विक्री झाली होती.

ही आयडिया नायनर्सची नाही. १९७१ मध्ये डॅलसच्या टेक्सास स्टेडियमला सीझन तिकीट पाहिजे तर बाँड विकत घ्या असं होतं. आणि आज आपण ज्याला सीट लायसन्स म्हणतो ते १९९३ मध्ये शार्लटला कॅरोलिना पँथर्सच्या वेळी आलं, टीम अजून मिळालीसुद्धा नव्हती तेव्हा लोकांनी लायसन्स घेऊन स्टेडियमचे पैसे उभे केले. नंतर एकेक शहर त्या वाटेने गेलं. न्यू जर्सीला २०१० मध्ये जायंट्स आणि जेट्सचं स्टेडियम झालं तेव्हा जायंट्सने सगळ्याच्या सगळ्या सीटवर लायसन्स लावलं, जेट्सने सगळ्यात वरचा मजला सोडला.

आता हे समजावून सांगायला मुंबईच्या माणसाला एकच गोष्ट पुरते, पागडी. मी गिरगावात चाळीत वाढलो त्यामुळे माझ्या डोक्यात पहिल्या मिनिटाला तेच आलं. एकरकमी पैसे द्यायचे, खोली तुमची होत नाही, तुम्हाला मिळतो तो तिथे भाडं भरत राहायचा हक्क. भाडं थकवलं तर हक्क धोक्यात. दुसऱ्याला द्यायची तर मालकाला विचारून, त्याचा वाटा देऊन. लायसन्सचं अगदी तसं. फक्त एक मोठा फरक आहे आणि तो लक्षात ठेवा, पागडीत भाडं कायद्याने बांधलेलं असतं, वर्षानुवर्षं शे-दीडशे रुपये. इथे भाडं म्हणजे सीझन तिकीट, आणि ते वाढवायचं की नाही हे तुमच्या हातात नाही. वाढलं तरी भरायचं. नाही भरलं तर लायसन्स गेलं, आणि त्याच्यासाठी दिलेले पैसेही गेले.

किंमती ऐकल्यावर आमच्या ग्रुपमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मधल्या क्लब सीट २० हजारांपासून ८० हजार डॉलरपर्यंत, एका सीटला. त्या आधी विकायला काढल्या. बाकीच्या नंतर, टप्प्याटप्प्याने, जुन्या सीझन तिकीटवाल्यांना आधी बोलावून. सगळ्यात स्वस्त लायसन्स २ हजार डॉलर. नागपूरचा मित्र म्हणाला, "अरे दोन सीटचे चार हजार, आणि त्यात एक मॅचसुद्धा नाही!" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. त्याची दोन मुलं तेव्हा लहान होती, घर नुकतंच घेतलेलं, त्याने तिथल्या तिथे सांगितलं की मला जमायचं नाही, तू घेतलीस तर अधूनमधून मला तिकीट विक. आमचं जॉइंट अकाउंट तिथे संपलं. भांडण वगैरे काही नाही, पण इतकी वर्षं जे दोघांचं होतं ते एका पत्रामुळे एकाचं झालं, याचं वाईट वाटलं ते वाटलंच.

मग बायको आणि मी बसलो. ती अकाउंट्समधली, तिला मॅच आवडते पण तिला आधी आकडे पाहिजेत. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "लायसन्सचे चार हजार बाजूला ठेव, दरवर्षी किती आणि किती वर्षं?" मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. कारण सगळ्यांचं लक्ष त्या एका मोठ्या आकड्यावर जातं. आम्ही बघत होतो त्या सीटचं तिकीट तेव्हा मॅचला ८५ डॉलर होतं. सीझनला घरच्या १० मॅच, त्यातल्या २ प्रीसीझनच्या, म्हणजे ज्यात मुख्य खेळाडू जेमतेम खेळतात, त्यांचेही पूर्ण पैसे. दोन सीटचे वर्षाला १७०० डॉलर. पार्किंग वेगळं, खाणं वेगळं. १० वर्षं धरली आणि एक पैसाही वाढ नाही असं समजलं तरी १७ हजार. म्हणजे चार हजारांचं लायसन्स हा खर्चाचा छोटा भाग, खरा मोठा भाग त्याच्यामागून येतो, आणि तो टाळायची सोय उरत नाही कारण टाळला की आधीचे चार हजार बुडतात. महागड्या सीटला हे गणित उलटं होतं, तिथे लायसन्सच डोंगराएवढं असतं. पण साध्या माणसाने स्वस्त लायसन्स बघून खूश होण्याआधी दरवर्षीच्या बिलाला १० ने गुणून बघावं.

हप्त्याने भरायची सोय होती, थोडे आधी आणि बाकीचे काही वर्षांत व्याजासकट. व्याज घराच्या लोनपेक्षा बरंच जास्त होतं. बायको म्हणाली हप्ता नकोच, रोख जमत असेल तर घेऊ नाहीतर टीव्हीवर बघू. मला तिचं हे म्हणणं आजही पटतं. खेळ बघायच्या हक्कासाठी व्याज भरायला लागणं हे कुठल्याही घराला चांगलं नाही, आणि हप्त्याची सोय असल्यामुळेच कितीतरी लोक आपल्या ऐपतीच्या एक मजला खालच्या, म्हणजे मैदानाच्या जवळच्या सीटवर जाऊन बसले.

मग अपॉइंटमेंट घेऊन त्यांच्या सेल्स सेंटरला गेलो. मधोमध स्टेडियमचं मॉडेल, काचेत, आत इवल्याइवल्या खुर्च्या. भिंतीवर जुने खेळाडू, जुने कप, जिंकलेल्या पाचही सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल. आमच्यासाठी जो मुलगा होता तो फार तर पंचविशीचा, नम्र, त्याने खोटं काही सांगितलं नाही हे मला मुद्दाम लिहायचंय, जे विचारलं त्याचं सरळ उत्तर दिलं. प्रश्न मात्र तुम्हाला विचारता यायला पाहिजेत. मोठ्या स्क्रीनवर त्याने नकाशा उघडला, रंगारंगाने किंमती, सीटवर क्लिक केलं की तिथून मैदान कसं दिसेल ते समोर येतं. आणि तेव्हा कसंसंच होतं हो. तुम्ही किंमत बघायला आलेले असता आणि समोर एकदम हिरवंगार मैदान उभं राहतं, लाल झेंडे, आणि मन म्हणतं अजून दोन रांगा पुढे दाखव. त्याने दाखवलं. दोन रांगा पुढे म्हणजे रंग बदलला आणि रंग बदलला म्हणजे किंमत वाढली. बायकोने माझ्या हातावर हात ठेवला आणि त्याला म्हणाली, मघाचाच रंग ठेवा.

मी उन्हाचं विचारलं. सांता क्लॅरा म्हणजे सॅन फ्रान्सिस्को नव्हे, चाळीसेक मैल दक्षिणेला, खाडीचा वारा नाही, सप्टेंबरात कडक ऊन. नकाशावर दिसत होतं की जवळजवळ सगळे सुइट्स, म्हणजे श्रीमंतांच्या खाजगी खोल्या, एका उंच इमारतीत आहेत, पश्चिमेच्या बाजूला, वर छप्पर बाकी कुठेच नाही. म्हणजे दुपारी १ ला मॅच सुरू झाली की सावली आधी सुइटवाल्यांना, आणि पूर्वेकडचा सगळा स्टँड सूर्याकडे तोंड करून. त्याने मान्य केलं की पूर्वेला ऊन येणार. म्हणून आम्ही दक्षिणेच्या टोकाचा वरचा कोपरा धरला, तिथे ऊन पाठीवर येतं, निदान डोळ्यात तरी येत नाही. मैदान लांब दिसतं पण खेळ कसा उलगडतो ते वरून छान कळतं, मला कँडलस्टिकची सवयही वरूनच बघायची. तुमच्या शहरात जेव्हा हे सुरू होईल तेव्हा सूर्य कुठून येतो, छप्पर कुठवर आहे, एवढं नक्की विचारा, स्क्रीनवरच्या चित्रात कायम छान संध्याकाळ असते.

करार घरी आणून वाचला. पानंच्या पानं. त्यातल्या मुख्य गोष्टी सांगतो. टीम त्या स्टेडियममध्ये खेळते तोवर हक्क, दरवर्षी सीझन तिकिटं पूर्ण घ्यायची, नाही घेतली तर लायसन्स रद्द. विकता येतं पण नियमानुसार, नोंद करून. घरच्यांच्या नावावर करता येतं. स्टेडियममधल्या इतर कार्यक्रमांची तिकिटं आधी घ्यायची संधी मिळते. आणि अशा करारात असतंच तसं एक कलम, की मी हे गुंतवणूक म्हणून घेत नाहीये. हे कलम वाचून मी थांबलो. कारण तेव्हा आमच्या ओळखीतले निम्मे लोक एकमेकांना हेच सांगत होते की घेऊन ठेव, टीम जोरात आहे, दोन वर्षांत दुप्पट होईल. २०१३ च्या फेब्रुवारीत नायनर्स सुपर बोलला गेले, बॉल्टिमोरकडून ३४-३१ हरले, पण सगळीकडे लाल टोप्या, आणि त्या वातावरणात सह्या झाल्या. ज्यांनी पैसे वाढतील म्हणून घेतलं त्यांचे फार हाल झाले, ते पुढे सांगतो. सही करताना बायकोने आग्रह धरून दोघांची नावं घातली. मला तेव्हा त्यात एवढं काही वाटलं नाही, तिला वाटलं होतं.

प्लंबर काकांनी घेतलं नाही. त्यांना परवडलं नसतं असंही नाही म्हणता यायचं, त्यांनी हिशोब केलाच नाही. ते म्हणाले, माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं तिकिटाचे पैसे दिले, मीही दिले, २-१४ च्या सीझनलाही दिले, आता त्यांनीच मला विचारावं की तुम्हाला कुठे बसायचंय. २००४ चा सीझन तो, २ जिंकल्या १४ हरल्या, त्या वर्षी स्टेडियम निम्मं रिकामं असायचं आणि हे बापलेक पावसात बसून असायचे. याला उत्तर नाही माझ्याकडे. स्टेडियम शहराच्या करातून बांधू नये, शाळा रस्ते बाजूला ठेवून तर नाहीच नाही, जो बघणार त्याने भरावं, हे तत्त्व मला मान्य आहे. पण लायसन्सच्या पद्धतीत निष्ठेचं माप एकच उरतं, हातात एकरकमी पैसे आहेत की नाहीत. वाईट काळात जे आले त्यांची नोंद रांगेतल्या नंबरापुरती, किंमतीत एक डॉलर कमी नाही. ही पद्धत मला अजूनही अन्यायाची वाटते.

कँडलस्टिकची शेवटची मॅच २३ डिसेंबर २०१३, अटलांटाबरोबर, सोमवारची रात्र. नागपूरचा मित्र आणि मी गेलो. शेवटच्या दीड मिनिटात अटलांटा अगदी गोललाइनपाशी येऊन ठेपलेली, आणि आमच्या नवारो बोमनने त्यांचा बॉल पकडला आणि ८९ यार्ड पळाला. अख्खं स्टेडियम हलत होतं, अक्षरशः, पायाखालचं काँक्रीट. ३४-२४. काकांनी जाताना दोघांचे हात धरले आणि मुलाला सांगितलं यांचे फोन नंबर घेऊन ठेव. घेतले त्याने.

नवीन स्टेडियमचं पहिलं वर्ष. २०१४ च्या ऑगस्टात डेन्व्हरबरोबर पहिली प्रीसीझन मॅच, ऊन असं की आमच्या समोरच्या पूर्वेच्या स्टँडमधले लोक खेळ सुरू असताना उठून आतल्या सावलीत जाऊन उभे, हजारोंनी. ०-३४ हरलो. सीझनची पहिली घरची मॅच शिकागोबरोबर, रात्रीची, आधी पुढे होतो आणि मग २०-२८ हरलो. इमारत सुंदर आहे, त्यात वाद नाही. संडासाला रांग नाही, वायफाय चालतं, लाइट रेलने दारात उतरता येतं, आई भारतातून आली होती तेव्हा तिला लिफ्टने वर नेता आलं, कँडलस्टिकला तिला नेणं अशक्य होतं. पण आजूबाजूला दर मॅचला वेगळे लोक. लायसन्सवाल्याने तिकीट ऑनलाइन विकलेलं असायचं, मग शेजारी कधी शिकागोचे फॅन, कधी सिएटलचे. वडे फॉइलमध्ये बांधून नेले तरी द्यायचे कुणाला. दोन सीझन गेल्यावर उजवीकडे एक फिलिपिनो कुटुंब कायमचं आहे हे कळलं, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

आणि मग टीम घसरली. २०१४ ला ८-८, कोच हार्बॉ गेला, पुढच्या वर्षी ५-११, आणि २०१६ ला परत तेच २-१४. तेव्हा आम्हाला कळलं लायसन्स काय असतं. मॅचच्या दिवशी ऑनलाइन कुणीही आमच्या शेजारची सीट आमच्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्तात घेत होतं, आणि आम्हाला मात्र पूर्ण दहा मॅचचे पूर्ण पैसे भरायचे, नाहीतर चार हजार गेले. लायसन्स विकायला काढलं तर घेतलेल्या किंमतीला कुणी विचारेना. ज्यांनी हप्त्यावर महागातल्या सीट घेतल्या होत्या त्यांच्यातले एकदोन ओळखीचे होते, त्यांची अवस्था बघवत नव्हती, विकलं तर तोटा, ठेवलं तर व्याज अधिक तिकीट. त्या वर्षी आमच्या घरी यावर खरंखुरं बोलणं झालं. बायको म्हणाली, गेलेले चार हजार विसर, ते परत येणार नाहीत, पुढच्या वर्षीच्या तिकिटांचे पैसे तुला मॅच बघायसाठी द्यायचेत की आधीचे वाचवायसाठी? मी विचार केला आणि म्हटलं मॅच बघायसाठी. ती म्हणाली मग भर. दरवर्षी हाच प्रश्न विचारून आम्ही पैसे भरतो, आणि ज्या वर्षी उत्तर बदलेल त्या वर्षी सोडू असं ठरलेलं आहे.

२०२० च्या १९ जानेवारीला ग्रीन बेबरोबर एनएफसीची फायनल, म्हणजे सुपर बोलच्या आधीची मॅच, आमच्या स्टेडियमवर झाली. ३७-२० जिंकलो. आमच्या रहीम मोस्टर्टने २२० यार्ड आणि ४ टचडाउन केले. लायसन्स होतं म्हणून आम्हाला प्लेऑफच्या तिकिटांचा पहिला हक्क मिळाला, बाहेर त्या दिवशी काय भाव चालला होता ते सांगत नाही. त्या दिवशी बायकोने स्वतःहून माघार घेतली आणि म्हणाली डेली सिटीला फोन कर. काकांचे गुडघे तोवर गेले होते, ते आले नाहीत, मुलगा आला. दुसऱ्या हाफमध्ये त्याने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मैदानाकडे धरून ठेवला. नंतर करोनाच्या सीझनला तर प्रेक्षकच नव्हते.

मुंबईत मोठ्या मॅचचं तिकीट मिळवायचं म्हणजे कुणाची तरी ओळख लागते, क्लबांना वाटलेल्या तिकिटांतून आपल्यापर्यंत काय पोचेल ते पोचेल. वानखेडेचा तर जन्मच सीटच्या वाटपावरून झाला, ब्रेबर्नवर सीसीआय, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचं जमेना म्हणून काही मिनिटांच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं राहिलं. म्हणजे स्टेडियममध्ये कोण बसणार हा झगडा आपल्याला नवीन नाही. अमेरिकेत ओळख लागत नाही, रक्कम लागते, आणि ती छापील असते, एवढाच बदल.

आता माझा मावसभाऊ बफेलोला असतो, तिथल्या बिल्स टीमचा कट्टर फॅन. तिथे रस्त्याच्या पलीकडेच नवीन स्टेडियम बांधलंय आणि त्यांनाही लायसन्स लागलं, ५०० डॉलरपासून ५० हजारांपर्यंत. आणि तिथे तर न्यूयॉर्क राज्य आणि ईरी काउंटी मिळून ८५ कोटी डॉलर सार्वजनिक पैसे गेलेत, म्हणजे त्याने एकदा करातून दिले आणि परत सीटसाठी दिले. हे मला सांता क्लॅरापेक्षाही जास्त खटकतं. शिवाय जुन्या स्टेडियमपेक्षा नव्यात सीट कमी, त्यामुळे थांबून बघायची हिंमत कुणाला होत नव्हती. त्याने फोन केला तेव्हा मी त्याला सेंट लुइसचं सांगितलं, तिथल्या लोकांनी १९९५ मध्ये रॅम्स आली तेव्हा लायसन्स घेतली, २०१६ मध्ये टीम उठून लॉस एंजेलिसला गेली, आणि लोकांना कोर्टात जावं लागलं तेव्हा कुठे भरपाई ठरली. बिल्सने ३० वर्षांचा करार केलाय त्यामुळे ती भीती त्याला कमी आहे, पण टीम गेली तर काय, तिकीट किती वाढू शकतं, एक वर्ष नाही घेतलं तर काय, विकताना कुणाचा किती वाटा, हे चार प्रश्न लेखी विचार म्हटलं. हप्ता घेऊ नको म्हटलं. छप्पर कुठवर येतं तेही बघ म्हटलं, तिथे ऊन नाही पण बर्फ आहे.

त्याने विचारलं, आणि सीट निवडताना? मी म्हटलं तुझ्या आत्ताच्या रांगेतल्या लोकांना आधी फोन कर, सगळे मिळून एकाच वेळची अपॉइंटमेंट मागा, मिळेल न मिळेल, पण मागा. आम्हाला हे सुचलं नव्हतं कारण कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आणि शेजारच्या दोन कुटुंबांनी तसं केलं, वरच्या मजल्यावर एका रांगेत सहा सीट मिळाल्या. करार हातात आल्यावर त्याने परत फोन केला, सहीच्या जागी वहिनीचंही नाव घालू का म्हणून. मी फोन बायकोकडे दिला.